विश्लेषण : गिटारचा ‘स्प्रिंग रिव्हर्ब’ संगणकाला का चकवतो?

गिटारवादकाच्या लॅपटॉपमध्ये आज डझनभर अ‍ॅम्प्लिफायर मावतात. भव्य सभागृह, चर्चचा घुमट, स्टुडिओतील खोली यांचा घुमारा सॉफ्टवेअर इतका सफाईने उभा करते, की जाणकाराचाही कान फसावा. मात्र ज्या वस्तूची नक्कल सर्वात सोपी असायला हवी, तीच वर्षानुवर्षे सर्वात अवघड ठरली. ती वस्तू म्हणजे पत्र्याच्या चपट्या डब्यात ताणून बसवलेल्या दोन-तीन पोलादी स्प्रिंगा. १९६०च्या दशकापासून इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाला चिकटलेला ‘स्प्रिंग रिव्हर्ब’ डिजिटल रूपात ऐकताना आजही अनेक वादकांना काहीतरी चुकल्यासारखे वाटते. नेमके काय चुकते, आणि ते दुरुस्त करता येते का, याविषयी...

रिव्हर्बमध्ये स्प्रिंग आली कुठून?

देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली तर तिचा आवाज लगेच विरत नाही. भिंतींवर आदळून परतणाऱ्या असंख्य लहरी एकमेकींत मिसळतात आणि आवाज क्षणभर रेंगाळतो. हाच रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. डोंगराच्या घाटात हाक मारल्यावर जो सुटा, स्पष्ट प्रतिसाद येतो तो प्रतिध्वनी. घुमाऱ्यात असे सुटे प्रतिसाद वेगळे ऐकू येत नाहीत.

१९३५ साली अमेरिकेत हॅमंड ऑर्गन बाजारात आला. चर्चमधील पाइप ऑर्गनचा हा विजेवर चालणारा पर्याय लोकांनी घरीही नेला. पण गालिचे आणि पडदे असलेल्या दिवाणखान्यात तो कोरडा वाजू लागला. लॉरेन्स हॅमंड यांनी त्यावर उपाय शोधला तो टेलिफोनच्या दुनियेत. लांब पल्ल्याच्या फोनवर आवाज पोहोचायला जो उशीर होतो, तो प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी बेल लॅब्जमध्ये स्प्रिंगांचा वापर झाला होता. हॅमंड यांनी ती कल्पना उचलली. त्यांची सुरुवातीची यंत्रणा मोठी, उंच आणि तेलाचा वापर असलेली होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याच कंपनीतील अभियंते अ‍ॅलन यंग यांनी ती आटोपशीर केली. त्यातूनच पुढे ‘टाइप फोर’ नावाचा, सुमारे ४३ सेंटीमीटर लांबीचा डबा तयार झाला. गिटारच्या जगात ‘रिव्हर्ब टँक’ म्हटले की आजही हाच डबा डोळ्यांसमोर येतो.

गिटारपर्यंत ती कशी पोहोचली?

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९६१ मध्ये हॅमंडच्या टँकवर आधारलेला स्वतंत्र ‘फेंडर रिव्हर्ब युनिट’ आणला. कॅलिफोर्नियातील गिटारवादक डिक डेल यांना तो मुळात गाण्यासाठी हवा होता; आपला गाता आवाज फार सपाट आहे, त्याला थोडा घुमारा मिळावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मग त्यांनी त्याला गिटार जोडली आणि सर्फ संगीताला त्याचा ओला, उसळता आवाज मिळाला. १९६२ मध्ये आलेली त्यांची ‘मिसिरलू’ आणि १९६३ मध्ये गाजलेली द शाँटेज यांची ‘पाइपलाइन’ या रचनांमुळे हा आवाज त्या काळाची ओळख झाला. ‘मिसिरलू’ ही मुळात पूर्व भूमध्य प्रदेशातील लोकप्रिय धून. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटामुळे ती नव्या पिढीच्या कानी पडली.

फेंडरने १९६३ मध्ये ‘व्हायब्रोव्हर्ब’ या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच टँक बसवला. त्यापाठोपाठ आलेल्या ‘ट्विन रिव्हर्ब’ आणि ‘डिलक्स रिव्हर्ब’ यांच्या तर नावातच रिव्हर्ब होता. स्प्रिंगेचा घुमारा हा असा गिटारच्या मूळ आवाजाचाच भाग बनला. पुढे जमैकातील डब संगीताच्या ध्वनिमुद्रकांनी टँकला चक्क हाताने ठोसे लगावून मेघगर्जनेसारखा कडकडाट काढला. आज संगणकाकडून नेमक्या याच साऱ्या गोष्टींची अपेक्षा असते.

टँकमध्ये नेमके काय घडते?

टँकच्या एका टोकाला तारेचे वेटोळे असते आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रात स्प्रिंगेला जोडलेला इवलासा चुंबक. गिटारचा विद्युतसंकेत वेटोळ्यातून वाहिला की चुंबक डावीकडे-उजवीकडे पिळला जातो आणि तो पीळ लहरीच्या रूपात स्प्रिंगेतून धावू लागतो. दुसऱ्या टोकाला उलटी क्रिया होते. तिथला चुंबक हलतो, वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते आणि ती वाढवून मूळ आवाजात मिसळली जाते. लहर मात्र तिथे थांबत नाही. ती उलट फिरते, पुन्हा येते आणि दरवेळी थोडी दुबळी होत जाते.

टाइप फोर टँकमधील दोन स्प्रिंगांपैकी एकीतून लहर सुमारे ३३ मिलिसेकंदांत पलीकडे पोहोचते, दुसरीतून सुमारे ४१. ३३ मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण ११ मीटर जातो. तेवढे अंतर या हातभर डब्यात गुंडाळून ठेवलेले असते. दोन्ही स्प्रिंगांचे वेळ मुद्दाम वेगळे ठेवतात. ते सारखे असते तर प्रतिसाद एकाच ठोक्यावर येऊन पत्र्याच्या नळीत बोलल्यासारखे वाटले असते. घुमारा किती वेळ टिकावा यानुसार टँकचे आखूड, मध्यम आणि लांब असे प्रकार पडतात. लांब प्रकारात तो पावणेतीन ते चार सेकंद टिकतो.

खरी गंमत पुढे आहे. हवेत खालचे आणि वरचे स्वर एकाच वेगाने प्रवास करतात, स्प्रिंगेत मात्र तसे होत नाही. खालचे स्वर आधी पोहोचतात, त्याहून वरचे मागून. साधारण चार-पाच किलोहर्ट्झच्या सीमेकडे जाताना हा उशीर वाढत जातो, आणि त्या सीमेपलीकडचा आवाज फारच क्षीण होतो. त्यामुळे ‘टक्’ असा एक छोटा ठोका स्प्रिंगेत घातला, तर बाहेर ‘टक्’ येत नाही. खालून वर घसरत जाणारा ‘ड्विप्’ असा किलबिलता आवाज येतो. प्रत्येक फेरीत तो अधिक लांबतो, अधिक पसरतो. तळहाताने तारा दाबून झटक्यात वाजवलेल्या सुरामागून पाण्यात खडा पडल्यासारखा जो आवाज येतो, तो हाच. वादक त्याला ‘ड्रिप’ म्हणतात.

डिजिटल नक्कल अवघड का?

पहिले कारण इतिहासात आहे. डिजिटल रिव्हर्बचा पाया बेल लॅब्जमध्येच मानफ्रेड श्रोडर यांनी घातला, तोही १९६१च्या सुमारास, म्हणजे फेंडरचे युनिट बाजारात येत होते त्याच काळात. श्रोडर यांचे ध्येय होते ‘रंगहीन’ घुमारा. त्यात कोणताही स्वर पुढे येऊ नये, प्रतिसाद दाट आणि गुळगुळीत असावेत. पुढची कित्येक वर्षे डिजिटल रिव्हर्ब याच दिशेने सुधारत गेला. स्प्रिंगेचा स्वभाव नेमका उलट. ती रंगीत आहे, तिचे प्रतिसाद विरळ आहेत, आणि ते घसरतात. सभागृहासाठी घडवलेल्या सूत्रातील वरचे स्वर कापून त्यावर ‘स्प्रिंग’ अशी चिठ्ठी लावली, तर फार तर पत्र्याच्या खोलीचा भास होतो. स्वस्त साधनांत बराच काळ हेच होत राहिले.

दुसरे कारण असे, की टँक एकटा काम करत नाही. जुन्या युनिटमध्ये स्प्रिंगेला ढकलणारी व्हॅक्यूम ट्यूब असते. वादकाने जोरात वाजवले की ती ट्यूब आणि चुंबकाचे वेटोळे दोन्ही दमतात, आवाज चेपला जातो आणि स्प्रिंग ‘फुटल्यासारखी’ उसळते. हळू वाजवले तर मागे नुसती सावली राहते. म्हणजे आवाज दुप्पट केला की घुमाराही बरोबर दुप्पट, असे सरळ गणित इथे नाही. वादकाचा हात या फरकाला सरावलेला असतो. तो सुरांबरोबर स्प्रिंगही वाजवत असतो. डिजिटल रिव्हर्ब ‘ऐकायला ठीक, पण वाजवायला मेलेला’ अशी तक्रार येते ती इथूनच.

तिसरे कारण यंत्राच्या वेडेवाकडेपणात आहे. स्प्रिंगा एकसारख्या नसतात, त्या डब्यातून एकमेकींना हलवतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतील स्पीकरचा हादरा थेट टँकपर्यंत जातो. कागदावर हे सारे दोष; पण साठ वर्षांच्या ध्वनिमुद्रणांनी कानाला सवय लावली आहे ती या दोषांसकट.

नक्कल करण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग ठसा घेण्याचा. खऱ्या टँकमध्ये एक चाचणी-संकेत पाठवून त्याचा पूर्ण प्रतिसाद मुद्रित करायचा आणि नंतर कोणत्याही आवाजावर तो गणिताने चढवायचा. याला कॉन्व्होल्यूशन म्हणतात. स्प्रिंगेची किलबिल यात तंतोतंत उतरते. अडचण एवढीच, की हा ठसा एका टँकचा, एका क्षणाचा, एका जोराचा असतो. हळू वाजवा की जोरात, तो तसाच उत्तर देतो. छायाचित्र कितीही उत्तम असले तरी त्यातला माणूस मान वळवत नाही, तसे हे.

दुसरा मार्ग स्प्रिंगेचे वागणे बांधण्याचा. २००६ मध्ये जोनाथन एबल आणि सहकाऱ्यांनी, पुढे २०१० मध्ये फिनलंडमधील वेसा व्हॅलिमाकी, ज्युलियन पार्कर आणि एबल यांनी यासाठी ‘ऑलपास’ गाळण्यांची साखळी वापरली. ही गाळणी स्वरांचा जोर बदलत नाही, फक्त काही स्वरांना इतरांपेक्षा जास्त उशीर लावते. अशा अनेक गाळण्या एकामागून एक लावल्या की ‘टक्’चा ‘ड्विप्’ होतो. ही रचना प्रोसेसरवर फार भार टाकत नाही. शिवाय स्प्रिंगेची लांबी, घुमाऱ्याचा काळ वादकाला हवा तसा फिरवता येतो.

तिसरा मार्ग थेट भौतिकशास्त्राचा. एडिनबर्ग विद्यापीठातील स्टीफन बिलबाओ आणि पार्कर यांनी वेटोळ्या तारेची समीकरणे संगणकावर सोडवून आभासी स्प्रिंग उभी केली. तारेचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्याची हालचाल सेकंदाला हजारो वेळा मोजायची, अशी ही पद्धत. ती वास्तवाच्या सर्वात जवळची, पण प्रोसेसरला घाम फोडणारी. २०२० मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी चौथी वाट दाखवली. खऱ्या स्प्रिंगेतून गेलेला आवाज ऐकवून न्यूरल नेटवर्कलाच तिचे वागणे शिकवण्याची.

बाजारातील पेडल आणि सॉफ्टवेअर यांत यांपैकी एक किंवा अनेक मार्गांची सरमिसळ असते. बॉसने २००९ मध्ये १९६३च्या फेंडर युनिटला समोर ठेवून पेडल आणले. स्ट्रायमनच्या ‘फ्लिंट’मध्ये साठच्या दशकातील स्प्रिंग हा एक पर्याय आहे. फेंडरनेही २०१९ मध्ये ‘टोन मास्टर’ मालिकेत ट्विन आणि डिलक्स रिव्हर्बची पूर्ण डिजिटल आवृत्ती काढली.

चांगले साधन असूनही आवाज खोटा का वाटतो?

बहुतेक वेळा दोष साधनात नसतो, ते जोडण्याच्या क्रमात असतो. ट्विन रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्प्रिंग प्रीअ‍ॅम्पच्या नंतर, पण पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या आधी असते. म्हणजे तिचा घुमारा गिटारच्या आवाजाबरोबर त्याच स्पीकरमधून, त्याच पेटीतून बाहेर पडतो. गिटार स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो, त्यामुळे स्प्रिंगेची कर्कश किनार मऊ होते. लॅपटॉपवर मात्र अनेक जण आधी स्पीकर पेटीची नक्कल लावतात आणि साखळीच्या अगदी शेवटी स्टिरिओ रिव्हर्ब. परिणाम असा की गिटार एका पेटीत आणि स्प्रिंग आकाशात. रिव्हर्ब पेटीच्या नकलेआधी आणून मोनो केला, की तोच रिव्हर्ब ओळखीचा वाटू लागतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डावी-उजवी बाजू नव्हतीच.

सर्फ संगीताचा हिशेब याहून वेगळा. तिथे स्वतंत्र युनिट गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये असते, म्हणजे घुमारा अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्व टप्प्यांतून जातो. त्यावर तीन बटणे असतात. स्प्रिंगेला किती जोराने ढकलायचे ते ‘ड्वेल’, किती मिसळायचे ते ‘मिक्स’, आणि घुमाऱ्याची धार ठरवणारे ‘टोन’. ड्रिप हवी असेल तर नुसते मिक्स वाढवून भागत नाही, ड्वेल वाढवावे लागते. मिक्स वाढवल्याने घुमारा मोठा होतो, त्याचा स्वभाव बदलत नाही.

आणखी एक चूक प्री-डिलेची. स्प्रिंगेचा पहिला प्रतिसाद स्वभावतःच ३०-४० मिलिसेकंदांनी येतो. त्यावर सेटिंगमध्ये पुन्हा तेवढाच उशीर जोडला, तर घुमारा सुरापासून तुटतो.

पारख कशी करावी?

दुकानात किंवा घरी काही साध्या चाचण्या पुरेशा ठरतात. पहिली, तळहाताने तारा दाबून एकच सूर झटक्यात वाजवावा. मागून खालून वर घसरणारा ओला आवाज आला पाहिजे. नुसता मंद धूर उठला, तर ती स्प्रिंग नव्हे. दुसरी, तोच सूर आधी अगदी हळू आणि मग पूर्ण जोराने वाजवावा. घुमाऱ्याचे प्रमाण नव्हे, पोत बदलतो का ते पाहावे. तिसरी, एक स्वरसंगती वाजवून गप्प बसावे आणि शेपूट विरेपर्यंत ऐकावे. तिच्यात किंचित थरथर, किंचित धातूचा किणकिणाट हवा. पण एकच स्वर शिट्टीसारखा अडकून राहता कामा नये. चौथी आणि सर्वात महत्त्वाची चाचणी म्हणजे ड्रम आणि बासच्या साथीत ऐकणे. एकट्याने ऐकताना मोहक वाटणारा रिव्हर्ब साथीत चिखल करतो, तर एकट्याने ओबडधोबड वाटणारा तिथे नेमका बसतो.

मग खरी स्प्रिंगच का घेऊ नये?

घेता येते, आणि अनेक जण घेतात. ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर वापरून खरा टँक चालवणारी ‘सर्फीबेअर’सारखी साधने उपलब्ध आहेत. हॅमंडच्या घराण्यातून आलेल्या ‘अ‍ॅक्युट्रॉनिक्स’ टँकचे उत्पादन आता दक्षिण कोरियातील बेल्टन करते. मात्र खऱ्या स्प्रिंगेचे नखरेही खरे असतात. ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर पकडते, धक्का लागला की कडाडते, आणि मोठ्या मंचावर स्पीकरच्या हादऱ्याने हूं-हूं करू लागते. टँक बदलताना त्याचा रोध जुळवावा लागतो. चुकीचा टँक लावला तर घुमारा पुसट येतो किंवा येतच नाही. डब्यावरील कोडमधील दुसरे आणि तिसरे अक्षर रोध सांगते, तर त्यानंतरचा आकडा घुमाऱ्याची लांबी.

वजनाचा प्रश्न वेगळाच. ट्यूबचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोंचा, तर त्याची डिजिटल आवृत्ती जवळपास निम्म्या वजनाची. मुंबई-पुण्यातील चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, रात्री हेडफोन लावून सराव करणाऱ्या वादकासाठी हा फरक आवाजाइतकाच निर्णायक असतो. शेजारच्या भिंतीला भोक न पाडता ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या खऱ्या जोरावर वाजवणे शहरी घरात जवळजवळ अशक्यच. त्यामुळे डिजिटल पर्याय ही त्याच्यासाठी तडजोड नव्हे, अनेकदा तोच एकमेव मार्ग आहे.

‘हुबेहूब’ म्हणजे नेमके काय?

या शोधात एक मेख आहे. ज्याची नक्कल करायची तो ‘मूळ आवाज’ एक नाहीच. एकाच वर्षी बनलेले दोन टँक सारखे वाजत नाहीत. स्प्रिंगेचा ताण, ट्यूबचे वय, डबा उलटा बसवला की सुलटा, यावर आवाज बदलतो. एखाद्या ठरावीक टँकशी तंतोतंत जुळणारा डिजिटल रिव्हर्ब दुसऱ्या टँकवर वाढलेल्या वादकाला चुकीचाच वाटेल. म्हणून पटणारी नक्कल म्हणजे एका टँकची प्रत नव्हे, तर टँकसारखे वागणारे साधन. हळू वाजवल्यावर मागे राहणारे, जोर लावल्यावर उसळणारे आणि स्पीकरच्या पेटीतूनच बोलणारे.

यातील उपरोध असा, की हॅमंड यांना स्प्रिंगेतून चर्च हवे होते. ते तिला कधीच नीट जमले नाही. चर्चची नक्कल म्हणून पाहिले तर स्प्रिंग रिव्हर्ब अपयशीच म्हणावा लागेल. त्या अपयशाचाच गिटारवादकांनी आवाज केला, आणि आता जगभरातील अभियंते तेच अपयश बिनचूक उतरवण्यासाठी झटत आहेत.